फोटोत तिचं अंगणही येऊ द्या

मी शिरपूर जैनहून बोलतेय. आज मी फोटोबद्दल बोलणार आहे. माणसाचा उभा, डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो, आणि तोही ती बाई जिथं असते तिथला. फोटो तर आता शेंबडं पोरही काढतं, त्यावर काय बोलायचं, असं वाटेल. थोडा वेळ ऐका, मग ठरवा.

माझी आई गेली तेव्हा दसव्याला हार घालायला फोटो हवा होता. घरभर शोधला. लग्नाचा एक होता, त्यात पंधरा माणसं आणि आईचं डोकं पदरात. बाकी तिचे फोटो होते ते आधार कार्डावरचा, रेशन कार्डावरचा आणि बँकेच्या पासबुकावरचा. तिन्हीत चेहरा घाबरलेला, कारण तिन्ही वेळा समोरचा माणूस म्हणत होता, हलू नका, इकडे बघा. भाऊ आधार कार्ड घेऊन एका फोटोवाल्याकडे गेला. त्यानं दोन तासांत फ्रेम करून दिली. आई खुर्चीवर बसलेली, अंगावर गुलाबी रेशमी साडी, मागं निळा पडदा, हात मांडीवर. चेहरा तेवढा आईचा. बाकी धड कॉम्प्युटरमध्ये तयारच ठेवलेलं होतं, कुणाच्याही मायला लावायला.

मावशी आली. फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "हे हात कोनाचे हायेत वं?"

मी काय सांगणार? आईच्या डाव्या हाताच्या आंगठ्यावर इळ्याची खूण होती. बोटं हळदीच्या दिवसांत पिवळी व्हायची, ती उन्हाळाभर पिवळीच. त्या फोटोतले हात गोरे, गुळगुळीत, एकही खूण नसलेले. मी फोटोवाल्याला दोष देत नाही, त्याला जे मिळालं त्यातून त्यानं केलं. चूक आमची होती. घरात चार मोबाईल, त्यात नातवंडांचे हजार-हजार फोटो, आणि जिनं तीस वर्षं ते घर झाडलं तिचा एक धड फोटो नाही. तुमच्याही घरात बघा. आत्ता रेडिओ ऐकता ऐकता आठवा, तुमच्या आईचा पायापर्यंतचा फोटो आहे का? सासूचा? तुमचा स्वतःचा?

पूर्वी उलटं होतं, हेही सांगते. फोटो काढणं महाग होतं, त्यामुळे आयुष्यात एकदा-दोनदाच निघायचा, आणि निघाला की पायापर्यंत निघायचा. जत्रेत तंबू असायचा. मागं पडद्यावर ताजमहाल रंगवलेला, नाहीतर तलाव आणि हंस. बाजूला लाकडी स्टूलवर प्लास्टिकची फुलं. माणूस पुरा दिसायचा, पण परिसर खोटा. आमच्या एका काकाचा फोटो आहे, काका ताजमहालापुढं उभे, आणि काका जन्मात अकोल्याच्या पुढं गेले नाहीत. मला तो फोटो आवडतो, खोटं बोलणार नाही. पण काकाचं घर कसं होतं, बैल कसे होते, ते त्यात कुठंच नाही.

एक जुना फोटो मात्र असा आहे की तो मी गटातल्या प्रत्येक बाईला दाखवते. १८८५ सालच्या ऑक्टोबरमधला, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातला. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. एक आपल्या आनंदीबाई जोशी, दुसरी जपानची, तिसरी सिरियाची. तिघींनी आपापल्या देशाचे कपडे घातलेत. आनंदीबाई साडीत आहेत. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, वय अवघं एकवीस. आता त्या फोटोतून नुसते तीन चेहरे कापून पासपोर्टएवढे करा. काय उरेल? तीन तरुण मुली, एवढंच. कपडे, दागिने, तिघींचं एकमेकींशेजारी असणं, हे सगळं असल्यामुळे कळतं की कुठून कुठं आल्यात या बाया. चेहऱ्यावरून माणूस ओळखू येतो, पण ती कोण होती, कशी जगली, ते चेहऱ्याच्या बाहेरही बरंच असतं.

तर आता काढायचा कसा ते सांगते. मी काही शिकलेली फोटोग्राफर नाही. गटाच्या कामाचे फोटो काढता काढता, शंभर बिघडवून, जे कळलं ते सांगतेय.

आपल्या शिरपुरात अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. कुठून कुठून लोक दर्शनाला येतात. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, खालून कापड जातं, असं सांगतात, म्हणून येणारा माणूस मूर्तीच्या मुखाकडे बघतो तसा वाकून खालीही बघतो. फोटो बघणाऱ्याची नजरही तशीच खाली जाते. पण देवाला अधांतरी राहणं शोभतं, माणसाला नाही. फोटोत पाय कापले की बाई हवेत लटकल्यासारखी दिसते. घोट्यात कापलं तर पाय तुटल्यासारखे वाटतात, गुडघ्यात कापलं तर तसंच. म्हणून पहिली गोष्ट, पाय पूर्ण घ्या, आणि पायाखाली वीतभर जमीनही येऊ द्या. तिची सावली त्या जमिनीवर पडली असेल तर तीही घ्या. चपला असल्या तर असू द्या, नसल्या तर मुद्दाम घालायला लावू नका. अनवाणी पाय आणि खाली सारवलेलं अंगण, यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट फोनच्या उंचीची. ही मला फार उशिरा कळली. आपण काय करतो, फोन आपल्या डोळ्यांपाशी धरतो आणि खाली झुकवतो. मग समोरच्या बाईचं डोकं मोठं आणि पाय बारके, आखूड दिसतात, मागची भिंत कलते, ती बाई बुटकी होऊन जाते. आपल्या बाया तशाही पाच फुटांच्या आतबाहेरच्या, त्यांना आणखी बुटकं कशाला करायचं? फोन तिच्या कमरेच्या उंचीला धरा आणि सरळ धरा, पुढं-मागं न झुकवता. त्यासाठी तुम्हाला एक गुडघा टेकून बसावं लागेल. बसा. साडीला माती लागली तर झटकता येते.

याच्यात एक गंमत आहे. शेतात फोटो काढत असाल तर जिथं आभाळ आणि जमीन मिळते ती रेघ तुमच्या फोनच्या उंचीला येते. फोन डोळ्यांपाशी धरला तर ती रेघ तिच्या डोक्यातून, नाहीतर मानेतून जाते. सुरीनं मान कापल्यासारखी. फोन कमरेला आला की रेघ कमरेवर उतरते आणि तिचं डोकं, खांदे आभाळात मोकळे उभे राहतात. तीच बाई, तेच शेत, पण एकदम ताठ दिसते. फक्त मागं आभाळ फार पांढरं असलं तर चेहरा काळा पडतो. तेव्हा स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर एकदा बोट टेकवा, फोन चेहऱ्याचा उजेड धरतो.

आता लांबी. बऱ्याच फोनमध्ये खाली ०.५, १, २ असे आकडे असतात. ०.५ सोडून द्या. त्यानं पुष्कळ मावतं खरं, पण कडेची माणसं ताणून रुंद होतात. १ वर ठेवा आणि पायानं मागं सरका. पाच फुटांची बाई, तुम्ही सहा फुटांवर, फोन उभा धरलेला, तर ती फोटोच्या निम्म्याहून जास्त उंची भरते. तिच्या मागची भिंत, शेजारचा रांजण, एवढं येतं. तेच बारा फुटांवर गेलात, म्हणजे आपली पाच-सहा पावलं, की ती फोटोच्या एक तृतीयांश होते आणि बाकी सगळं अंगण, छप्पर, वरची लिंबाची फांदी आत येते. म्हणजे किती परिसर घ्यायचा हे पावलांनी ठरतं. दोन्ही काढून बघा. मी बहुतेक वेळा बारा फुटांवरून सुरू करते आणि पुढं सरकत जाते. उलटं केलं तर मागं सरकताना आपण शेणात पाय देतो, हा अनुभव आहे.

पण खरा प्रश्न पावलांचा नाही. मागं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हा आहे.

१९४६ मध्ये पुण्यात महात्मा गांधींचा एक फोटो काढला गेला. काढणारी बाई होती, मार्गारेट बर्क-व्हाईट, अमेरिकेतल्या लाइफ मासिकाची. तुम्ही तो नक्की पाहिलाय, कुठल्या ना कुठल्या पुस्तकात. गांधीजी जमिनीवर बसून कागद वाचतायत आणि त्यांच्या पुढं चरखा आहे. नीट आठवा, चरखा पुढं आहे, माणूस मागं. चरखा माणसाहून मोठा दिसतो. कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसाचा फोटो आणि पुढं लाकडाचं चाक कसं ठेवलं? पण त्या खोलीतून तिनं बरोबर तेवढंच उचललं. गांधीजींच्या माणसांनी तिला आधी सांगितलं होतं, सूत कातायला शीक, मग फोटो काढ. ती शिकली. मला वाटतं त्या फोटोचं निम्मं रहस्य तिथं आहे. चरखा हातात घेतल्यावर तिला कळलं असणार की तो काय चीज आहे. शिवाय फ्लॅशचे मोजकेच बल्ब वापरायची परवानगी होती आणि तिचे सुरुवातीचे प्रयत्न वाया गेले. जगभर गेलेला फोटो असा धडपडत निघालाय, तेव्हा आपला पहिला फोटो बिघडला तर एवढं वाईट वाटून घेऊ नका.

आपल्याकडे चरख्याच्या जागी काय आहे ते शोधायचं. एका बाईचं सगळं आयुष्य चुलीपाशी नसतं. आपण मात्र बाई म्हटली की तिला चुलीपाशीच बसवतो. आमच्या गटात एक काकू आहेत, त्यांचा फोटो आधी मी चुलीपुढं काढला. छान निघाला, धूर वगैरे. त्यांनी बघितला आणि गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सैपाक तर सूनच करते आता. मी तं वावरात असतो." तेव्हा कळलं की मी माझ्या डोक्यातली म्हातारी काढली होती, त्यांना काढलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वावरात गेलो. नवऱ्यामागं त्यांनीच ते सांभाळलेलं, तीन एकर. त्यांनी स्वतःच जागा दाखवली. धुऱ्यावर, बाभळीपाशी. म्हणाल्या, इथं बसून भाकर खातो आम्ही. तिथून सोयाबीनची सरळ तासं थेट त्यांच्या पायांपर्यंत येत होती, बघणाऱ्याची नजर त्या तासांवरून चालत त्यांच्यापाशी जाते. मी त्यांना मधोमध उभं केलं नाही, एका बाजूला घेतलं, आणि त्या ज्या बाजूला बघत होत्या तिकडची शेताची जागा मोकळी सोडली. तो फोटो त्यांच्या घरात लागलाय.

म्हणून आधी विचारा. मावशी, तुमचा फोटो कुठं काढू? बहुतेक जणी म्हणतील, "कायले काढतं बाई, मी काय आता नवरी हाव?" थोडं थांबा. मग जागा सांगतात. कुणी गोठा सांगते, कुणी शिलाई मशीन, कुणी किराणा दुकानाचं काउंटर, कुणी देवघर. एकीनं नळ सांगितला होता, कारण तो नळ तिनं ग्रामपंचायतीत भांडून आणलेला.

जागा ठरली की तिथं पाच मिनिटं नुसतं बघायचं. तिच्या डोक्यामागून विजेचा खांब उगवतोय का? दाराची चौकट डोक्यावर शिंग काढतेय का? एक पाऊल बाजूला सरका, खांब सुटतो. रंगही बघा. हिरवी साडी तुरीच्या वावरात हरवते, तिथं लाल किंवा पिवळी उठून दिसते. सारवलेल्या भिंतीपुढं मातकट रंगाची नको. तिला साडी बदलायला लावण्यापेक्षा मी जागा बदलते, कारण नवी साडी नेसली की बाई पाहुणी होते. पसारा कितपत आवरायचा, यावर आमच्या गटात वाद आहे. माझं मत सांगते. जाहिरातीची पिशवी, कुणाची तरी मोटरसायकल, फाटका फ्लेक्स, हे काढा. खाट, सूप, टोपलं, वाळत घातलेली मिरची, दोरीवरचे कपडे, हे राहू द्या. माझ्या मुलीला दोरीवरचे कपडे नको वाटतात. ती म्हणते, आई, गबाळं दिसतं. मला वाटतं वीस वर्षांनी तीच त्या दोरीकडे बघून म्हणेल, हा माझा शाळेचा फ्रॉक.

उजेडाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही सूर्यावरच दिवस काढता. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात आणि पदराची सावली तोंडावर पडते. दुपारीच काढायचा असेल तर सपरीत घ्या. छपराची सावली जिथं संपते तिथून एक पाऊल आत तिला उभं करा, तोंड अंगणाकडे. अंगणातला उजेड परतून चेहऱ्यावर मऊ पडतो. घरात काढायचा असेल तर दाराच्या बाजूला, दारात नाही. दारात उभं केलं आणि आपण आतून काढला तर फक्त काळी आकृती मिळते.

मग हात. उभं राहा म्हटलं की बाईचे हात एकदम लाकडाचे होतात, मुठी वळतात. तिला काहीतरी करू द्या. हळद निवडू द्या, टोपलं कमरेवर घेऊ द्या, दोर सोडवू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजते तेव्हा तर काय, वाफ असते, पिवळे ढीग असतात, सगळा परिसर तयारच असतो. फक्त कढईजवळ फोटोच्या नादात कुणाला मागं सरकायला सांगू नका. हसा, हसा असंही ओरडू नका. बोलत राहा. नणंदेची विचारपूस करा. ती विसरते की फोटो चाललाय, तो क्षण घ्या. आणि एक सरळ उभी राहून, थेट बघत असलेलाही घ्या. काही जणींना तोच आवडतो, त्यात त्यांचा मान असतो.

आता दोन गोष्टी ज्या फोटोच्या नाहीत, पण त्यांच्यावरून भांडणं होतात. एक, फोटो काढला की तो आधी तिला दाखवायचा. तिनं नको म्हटलं तर तिच्यासमोर काढून टाकायचा. ग्रुपवर टाकायचा तर विचारून. पूर्ण उभा फोटो आहे, मागं घर दिसतं, शेत दिसतं, हे सगळ्यांनी बघावं असं तिला वाटेलच असं नाही. तरुण मुलींच्या बाबतीत तर जास्तच जपून. दुसरं, फोटो छापून घ्या. मोबाईल पाण्यात पडतो, फुटतो, पोरगा विकून नवा घेतो, आणि फोटो गेले. सहा बाय आठचा छापला तर पायापर्यंतच्या फोटोतही चेहरा नीट दिसतो, चार बाय सहामध्ये बारीक होतो. मागं पेनानं तिचं पूर्ण नाव, गाव, साल लिहा. अमुक अमुकची आई असं लिहू नका, तिचं स्वतःचं नाव लिहा. आमच्या एका बाईला आजीचं नाव शोधायला जुना सातबारा काढावा लागला, आणि त्यातही नव्हतं.

मावशीचा फोटो मी मागच्या उन्हाळ्यात काढला. तीच मावशी, हातांबद्दल विचारणारी. तिच्या सपरीत, संध्याकाळी साडेपाचला. ती पोत्यावर बसून हळदीची बोटं वेगळी करत होती, मागं कुडाची भिंत, बाजूला तांब्या आणि तिची काठी. मी गुडघा टेकून बसले, बारा फुटांवरून तीन काढले, मग पुढं सरकून चार. एकात शेजारची शेळी मध्ये आली. छापून नेऊन दिला तेव्हा तिनं चष्मा लावला. चेहऱ्याकडे बघितलंच नाही. आधी हात बघितले, मग पाय, मग म्हणाली, "काठी आली वं. बरं झालं. ही तुह्या मावसाजीची हाये."

ती काठी मावसाजींची होती हे मला माहीत नव्हतं. मी ती बाजूला ठेवणार होते.

पुढच्या मंगळवारी आमच्या गटाच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा एक फोटो आणायचा ठरलंय. तुमच्या गावात तुम्हीही ठरवा, आणि ऊन उतरल्यावर काढा.